पाण्याचा अहवाल आहे, माशाचा कुठे आहे?

ठाण्याच्या खाडीतली मासळी कमी झाली, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. चेंदणी, विटावा, ऐरोली, घणसोली, भांडुप, माहुल, तुर्भे, कुठल्याही कोळीवाड्यात साठी ओलांडलेल्या माणसाला विचारा. पूर्वी काय काय मिळायचं त्याची यादी तोंडपाठ असते: जिताडा, बोय, मुडदुशी, शिंगाळा, कोळंबी, चिंबोरी, कालवं. भांडण आहे ते कारणावरून. कोळीवाडे कारखान्यांकडे आणि नाल्यांकडे बोट दाखवतात, कारखानदार शहराच्या सांडपाण्याकडे. सरकारी कागदांत जास्तीची मासेमारी, गाळ आणि बदलतं हवामान यांना पुढची खुर्ची मिळते. सगळ्यांचं थोडं थोडं खरं आहे, आणि त्यामुळेच कुणालाच काही करावं लागत नाही.

या वादात साक्षीला बोलावला जात नाही तो मासा. पाण्याचे नमुने घेतले जातात, गाळाचे कधीमधी घेतले जातात, पण घाण पाण्यात राहणाऱ्या माशाच्या कल्ल्यात, यकृतात, अंडाशयात काय घडतं याची सलग नोंद आपल्याकडे ठेवली जात नाही. जगभर मात्र गेल्या पन्नास-साठ वर्षांत यावर पुष्कळ काम झालं आहे. ते आपल्या खाडीला लावून पाहिलं तर कारणांची क्रमवारी लावता येते, आणि ती आपण समजतो तशी नाही.

आधी जागा समजून घेऊ. ही खाडी म्हणजे मुंबई बंदराच्या उपसागराचा उत्तरेकडे निमुळता होत गेलेला भाग. लांबी सुमारे २६ किलोमीटर, एका काठाला मुंबई आणि ठाणे, दुसऱ्या काठाला नवी मुंबई. वरच्या टोकाला उल्हास नदीशी संबंध आहे, पण तो एका अरुंद फाट्यापुरता. पावसाळा सोडला तर गोड्या पाण्याचा लोंढा असा येत नाही. घाण समुद्रात लोटायचं सगळं काम भरती-ओहोटीवर सोपवलेलं आहे आणि ते काम तिला झेपत नाही. वाशीच्या पुलापलीकडचं पाणी ओहोटीला खाली सरकतं आणि पुढच्या भरतीला त्यातलं बरंचसं परत येतं. उधाणाला थोडी उलाढाल होते, भांगाला, म्हणजे छोट्या भरतीच्या दिवसांत, पाणी तिथल्या तिथे घोटाळतं. त्यात खाडीचं वरचं टोक गाळाने उथळ होत चाललं आहे, म्हणजे भरतीला आत येणारं पाणीही कमी.

काठावर काय काय आलं ते सगळ्यांना माहीत आहे. देवनारचा कचरा डेपो १९२७ पासूनचा. माहुल-तुर्भ्याचे तेलशुद्धीकरण कारखाने १९५०च्या दशकातले, खताचा कारखाना त्यानंतरचा, आणि १९६०च्या दशकापासून पूर्व काठावर ठाणे-बेलापूर पट्ट्यातली औद्योगिक वसाहत. महाराष्ट्राने पाणी प्रदूषणाचा कायदा १९६९ साली केला, केंद्राच्या कायद्याच्या पाच वर्षं आधी, आणि राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून उभं आहे. तेव्हा कायदा उशिरा आला, असं म्हणायला आपल्याला जागा नाही.

आता मुद्द्याकडे. रसायनांची भीती लोकांना जास्त वाटते, कारण त्यांची नावं भयंकर असतात. पण खाडीतल्या माशाला रोज उठून ज्याच्याशी सामना करावा लागतो ते संडासाचं पाणी. त्यात विष असं फारसं नसतं. त्यातला मैला जिवाणू खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. समुद्राच्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी मावतो, आणि पाणी जितकं गरम तितका आणखी कमी. आपल्याकडच्या तीस अंशांच्या खाऱ्या पाण्यात काठोकाठ विरघळला तरी लिटरमागे सहा मिलिग्रॅमच्या जरा वर. थंड देशातल्या खाडीला जी सवलत मिळते ती आपल्या खाडीला सुरुवातीपासूनच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष सांगतो की व्यापारी मासेमारीच्या पाण्यात किमान ४ मिलिग्रॅम हवा, बंदराच्या पाण्यात ३ चालेल. एकाच उपसागरात बंदरही आहे आणि मासेमारीही, आणि माशाला आपण कुठल्या वर्गात पोहतो आहोत ते कळत नाही. २ मिलिग्रॅमच्या खाली बहुतेक मासे पळ काढतात. ज्यांना पळता येत नाही ते मरतात.

मेलेले मासे किनाऱ्याला लागले की बातमी होते. पहिल्या पावसात नाल्यांत साचलेला वर्षभराचा गाळ एकदम खाडीत येतो तेव्हा असे प्रकार होतात. खरं नुकसान मात्र बातमी न होणाऱ्या दिवसांत होतं. प्राणवायू साडेतीन-तीनवर घुटमळतो तेव्हा मासा मरत नाही, तो खर्च कमी करतो. कल्ल्यांवरून जास्त पाणी फिरवावं लागतं, त्यातच शक्ती जाते. खाल्लेलं पचवायलाही प्राणवायू लागतो, म्हणून मासा खाणंच कमी करतो. वाढ खुंटते. आणि काटकसरीत सगळ्यात आधी कात्री लागते ती प्रजननाला.

यावरचं सगळ्यात बोलकं काम मेक्सिकोच्या आखातातलं आहे. मिसिसिपी नदीतून येणाऱ्या खतांमुळे तिथे दर उन्हाळ्यात तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपतो. टेक्सस विद्यापीठाचे पीटर थॉमस आणि त्यांचे सहकारी यांनी तिथल्या क्रोकर माशांची अंडाशयं तपासली. हा मासा आपल्या ढोमीच्या आणि घोळीच्या कुळातला. कमी प्राणवायूच्या भागातल्या माद्यांमध्ये अंडी पक्व होण्याचं प्रमाण घटलेलं होतं, आणि काही माद्यांच्या अंडाशयात चक्क नराच्या बीजपेशी तयार होऊ लागल्या होत्या. वरून पाहता मासे धडधाकट होते. कुणी जाळ्यात धरून बाजारात नेले असते तर भावही चांगला आला असता. हाँगकाँगच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत कार्प माशांवर हेच आधी दाखवलं होतं: प्राणवायूची कमतरता माशाच्या संप्रेरकांमध्ये ढवळाढवळ करते. मैलापाण्याचा प्रश्न आपण दुर्गंधीचा समजत होतो, तो पुढच्या पिढीचा निघाला.

आता जिताड्याचं बघा. पेण-अलिबाग-उरणच्या खारपट्ट्यात जिताड्याची प्रतिष्ठा पापलेटला नाही. घरामागच्या तळ्यात तो पोसायचा आणि मोठा झाला की पाहुण्याच्या किंवा व्याह्याच्या घरी पाठवायचा, अशी रीत. या माशाचं आयुष्य सगळ्या प्रकारच्या पाण्यातून जातं. अंडी पडतात खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात, पावसाळ्यात पिल्लं भरतीबरोबर वर येतात, कांदळवनात, खाजणात, भाताच्या खाचरापर्यंत जातात, वाढतात, मग परत मुखाकडे. शिवाय बहुतेक जिताडे आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतात आणि काही वर्षांनी, अंगाने मोठे झाल्यावर, मादी होतात. म्हणजे जिताडा म्हातारा होऊ दिला नाही तर माद्याच उरत नाहीत. तो लहानपणी जाळ्यात गेला काय, मधल्या पट्ट्यात गुदमरला काय किंवा खाचराचं तोंड बांधाने बुजवलं काय, परिणाम एकच. अशा माशाच्या बाबतीत ‘प्रदूषण की जास्तीची मासेमारी’ हा वाद निरर्थक आहे. दोन्ही त्याचं आयुष्य आखूड करतात.

शिंगाळ्याची गोष्ट वेगळी पण शेवट तोच. त्याची अंडी मोजकी आणि गोटीएवढी मोठी असतात. नर ती तोंडात घेऊन काही आठवडे उपाशी फिरतो. मोजकी अंडी घालणाऱ्या जातीला एक वाईट हंगाम भरून काढायला फार वेळ लागतो. तोंडात अंडी असताना नराला कल्ल्यांवरून पाणी नीट फिरवायची पंचाईत, तिथे प्राणवायू कमी म्हणजे दुहेरी अडचण.

मग खाडीत टिकतं कोण? ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या किंवा शिवडीच्या चिखलाकडे पाच मिनिटं टक लावून बघा. आधी सगळं निर्जीव वाटतं, मग चिखलच हलायला लागतो. बोटभर लांबीचे, टपोऱ्या डोळ्यांचे निवटे पुढच्या परांवर रेटा देत सरपटत असतात. एखादा दुसऱ्याच्या हद्दीत शिरला की पाठीवरचा पर शिडासारखा उभारून दोघे समोरासमोर येतात, उडी मारतात, परत चिखलात. मध्येच एखादा अंगाला कुशीवर लोळवून ओलं करून घेतो, कारण त्याचा श्वास बऱ्याच अंशी ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या अस्तरातून चालतो. काही जाती तर बिळात अंड्यांसाठी तोंडाने हवेचे घोट नेऊन साठवतात. पाण्यातला प्राणवायू संपला तरी निवटीचं अडत नाही, तो थेट हवेतून घेतो. म्हणून खाडीत निवटी दिसते याचा अर्थ खाडी ठीक आहे असा काढता येत नाही. उलट बाकीचे गेले आणि निवटीच राहिली, तर तो तिथल्या पाण्यावरचा शेराच समजावा.

बोंबलाबद्दलही असंच काहीसं समोर येतं आहे. बोंबलाच्या अंगात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी, स्नायू विरळ, त्यामुळे प्राणवायूची गरज बेताची. चीनच्या किनाऱ्यावर प्राणवायू घटलेल्या भागात बोंबील वाढल्याचं संशोधकांनी मांडलं आहे. मुंबईकराला बोंबील वाढल्याचा आनंदच होईल, पण तो कशाची खूण आहे हे माहीत असलेलं बरं.

आणि फ्लेमिंगो. १९९०च्या दशकापासून ते हजारोंनी येऊ लागले, २०१५ साली खाडीच्या पश्चिम भागात अभयारण्य जाहीर झालं, २०२२ साली खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला. या सगळ्याचा आनंद आहेच, आणि अभयारण्यामुळे कांदळवनाला संरक्षण मिळालं हेही खरं. पण लहान फ्लेमिंगो खातो सूक्ष्म शेवाळ, आणि शेवाळ पोसलं जातं नायट्रोजन-फॉस्फरसवर, म्हणजे पुन्हा मैलापाण्यावर. गुलाबी पक्ष्यांचे फोटो दाखवून खाडी सुधारली असं कुणी सांगू लागलं तर त्याला विचारावं, पक्ष्यांच्या पायाखालच्या पाण्यात मुडदुशी आहे का?

इथवर फक्त सांडपाणी झालं. त्याच्याबरोबर अमोनिया येतो, तो कल्ले जाळतो. तळाच्या काळ्या गाळातून सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड निघतो, तो पेशींचा श्वासच अडवतो. पण या सगळ्यांत एक दिलासा आहे: मैला थांबवला की ही साखळी तुलनेने लवकर सुटते. गाळात बसलेल्या धातूंचं तसं नाही.

पारा, शिसं, कॅडमियम, तांबं हे पाण्यात फार वेळ तरंगत नाहीत, मातीच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतात. ठाण्याच्या खाडीतल्या पाऱ्यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९८१ सालीच शोधनिबंध लिहिला होता. त्या काळी कॉस्टिक सोडा बनवायला पारा वापरायची पद्धत सर्रास होती. पुढे ती मागे पडली. पण बसलेला पारा कुठे जाणार? प्राणवायू नसलेल्या गाळात काही जिवाणू त्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, आणि ते रूप जिवांच्या अंगात शिरतं ते सहजी बाहेर पडत नाही. गाळातल्या किड्यात थोडं, किडे खाणाऱ्या माशात जास्त, मासे खाणाऱ्या माशात त्याहून जास्त. म्हणजे मैलापाणी आणि पारा हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. मैल्याने तळाचा प्राणवायू संपवला की पाऱ्याचं काम सोपं होतं.

बोय चिरून पाहिली असेल त्याला तिचं पोट आठवेल. कोंबडीच्या पेठ्यासारखा जाड, घट्ट स्नायूचा गोळा असतो. बोय चिखल तोंडात घेते, कामाचं ठेवते, या गोळ्यात रेतीबरोबर दळते. तळाच्या गाळात जे असेल ते तिच्या पोटातून जाणारच. ती चपळ, काटक, वाईट पाण्यातही तग धरणारी, म्हणून खाडीत अजून दिसते. गाळातल्या धातूंचा माग काढायला बोयीइतका चांगला मासा नाही.

मिनामाताचं नाव या विषयात घ्यावंच लागतं, पण ते जितक्या सहज घेतलं जातं तितकी ती तुलना सोपी नाही. जपानच्या त्या उपसागरात चिसो कंपनीच्या कारखान्यातून मिथाइल पारा थेट पाण्यात जात होता. मे १९५६ मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली तेव्हा मांजरं, पक्षी, माणसं आधीच बळी पडली होती. आपल्या खाडीत तसं घडल्याचा पुरावा नाही आणि तशी भीती घालणं बरोबरही नाही. मिनामातातून शिकायचं ते पुढचं: सोडणं थांबलं ते १९६८ साली, आणि उपसागरातले मासे खायला सुरक्षित असल्याचं तिथल्या गव्हर्नरने जाहीर केलं ते १९९७ साली. मधल्या काळात उपसागराचं तोंड जाळ्याने बंद ठेवलं होतं, सुमारे १५ लाख घनमीटर गाळ उपसून ५८ हेक्टरच्या भरावाखाली गाडला होता. आणि कधी थांबायचं हे ठरलं ते माशाच्या मांसातल्या पाऱ्याच्या मोजमापावरून.

आपल्याकडे गाळ उपसला जातो तो जहाजांच्या वाटेसाठी. न्हावा-शेव्याचं बंदर १९८९ साली सुरू झाल्यापासून या उपसागराचा तळ सतत खरवडला जातो आहे. बसलेला गाळ ढवळला की त्यात बसलेलंही ढवळलं जातं.

तेलाबद्दल थोडक्यात. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं एकमेकांवर आदळली, सुमारे ८०० टन तेल सांडलं, शेकडो कंटेनर पाण्यात पडले आणि त्यांतल्या काहींत कीटकनाशकं होती. लोकांनी काही दिवस मासे खाणं सोडलं, भाव पडले, मग सगळे विसरले. अलास्कात १९८९ साली एक्सॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज फुटल्यानंतर मात्र संशोधक वर्षानुवर्षं मागे लागून राहिले. त्यातून कळलं की तेलातली काही संयुगं अगदी थोड्या प्रमाणातही माशाच्या भ्रूणाच्या हृदयाची घडण बिघडवतात. असा मासा जन्मतो, पोहतो, पण दमतो लवकर आणि कुणाच्या तरी तोंडी जातो. आपल्याकडे २०१० नंतर जन्मलेल्या पिल्लांचं काय झालं हे सांगणारी दीर्घकाळची नोंद नाही. ती अपघातानंतर सुरू करूनही फार उपयोग नसतो, कारण आधीचं काही ठाऊक नसतं.

जहाजांच्या बुडाला लावायच्या रंगाची गोष्ट तेवढी शेवट बरा असलेली आहे. फ्रान्समधल्या आर्काशों उपसागरात १९७०च्या दशकाच्या अखेरीस कालवांची पिल्लंच धरेनात. दोष निघाला कथिलाच्या एका संयुगाचा, जे शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून रंगात मिसळत. फ्रान्सने १९८२ साली लहान बोटींवर त्याचा वापर बंद केला आणि कालवं परत आली. जगाला तीच बंदी घालायला २००८ साल उजाडलं. कारण नेमकं सापडलं की उपाय लवकर लागू पडतो, हे आर्काशोंने दाखवलं.

मासे जुळवून घेतील, असा एक युक्तिवाद अधूनमधून ऐकू येतो. घेतात, काही जाती. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या न्यूअर्क, न्यू बेडफर्डसारख्या अतिदूषित खाड्यांत किलिफिश नावाचा बोटभर मासा मजेत राहतो. २०१६ साली ‘सायन्स’मध्ये त्याच्या जनुकांचा अभ्यास आला. साध्या किलिफिशला मारणाऱ्या मात्रेच्या हजारो पट विष हे मासे सोसतात, कारण विषाला प्रतिसाद देणारी यंत्रणाच त्यांच्यात निकामी झालेली आहे. पण हे त्यांना साधलं ते त्यांची संख्या प्रचंड आणि जनुकांतली विविधता मुळात भरपूर म्हणून. वर्षानुवर्षांनी मादी होणाऱ्या जिताड्याकडून किंवा मोजकी अंडी तोंडात घेऊन फिरणाऱ्या शिंगाळ्याकडून ती अपेक्षा करणं फुकट आहे. शिवाय विष अंगात घेऊन ठणठणीत राहिलेला मासा ते विष पुढच्याला देतो.

प्लास्टिकच्या सूक्ष्म कणांवर सध्या सगळ्यात जास्त लिहिलं जातं. ते माशांच्या पोटात सापडतात, यात शंका नाही. पण या खाडीपुरतं माझं मत विचाराल तर वर्तमानपत्रातली ती जागा मी प्राणवायूला दिली असती. जाळ्यात मासळीपेक्षा जास्त पिशव्या येतात हा कोळ्यांचा त्रास वेगळा आणि रोजचा आहे.

सगळं प्रदूषणावर ढकलणंही खोटं ठरेल. मासे परतायला पाणी चांगलं हवं, तशी जागाही हवी. उरणच्या बाजूला न्हावा-शेव्याच्या बंदराच्या चौथ्या टर्मिनलसाठी झालेल्या भरावाने भरतीच्या वाटा आणि कांदळवन गेलं, म्हणून राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे पीठाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. पारंपरिक मच्छीमारांच्या बाजूने लागलेला हा देशातला एक मोठा निकाल. इथे पाणी स्वच्छ केलं असतं तरी पिल्लांना वाढायला चिखल उरला नव्हता. आत ठाण्याकडे उलटं चाललं आहे. गाळ साचतो, त्यावर कांदळवन पसरतं, उपग्रहाच्या चित्रात हिरवा रंग वाढतो आणि मोकळं पाणी आक्रसतं. हिरवळ वाढली म्हणून टाळ्या पडतात, पण डोल जाळं लावणाऱ्याला खोली लागते.

तरीही क्रमवारी लावायची तर माझी अशी: मुखाकडे, उरण-करंज्याच्या बाजूला, भराव आणि उपसा पहिले, वरच्या खाडीत सांडपाणी पहिलं आणि बाकी सगळं त्याच्या मागे, आणि गाळातले धातू हे दोन्हीकडचं जुनं देणं. जास्तीची मासेमारी हे खुल्या समुद्राचं मोठं दुखणं आहे. ठाण्याच्या खाडीत पाग टाकून चार किलो बोय धरणाऱ्या माणसावर ते लादणं अन्यायाचं आहे. तो माणूस तर मोजणीतही नीट येत नाही. राज्याच्या मासळीचे आकडे मुख्यतः बंदरांवर उतरणाऱ्या मालावरून काढले जातात. पागाची बोय, ओहोटीला चिखलात उतरून बायांनी गोळा केलेल्या निवट्या, चिंबोऱ्या आणि कालवं यांचा हिशेब त्यात कुठून येणार? जे मोजलंच नव्हतं ते बुडालं तर भरपाईही कशाच्या आधारावर मागायची?

मग खाडीतलं खावं की नाही? नाल्याच्या तोंडाजवळची कालवं, तिसऱ्या अर्धवट शिजवून खाऊ नयेत, कारण शिंपले पाणी गाळून जगतात आणि पाण्यातले जंतूही गोळा करतात. जुना, मोठा, मासेखाऊ मासा रोज खाऊ नये. याहून नेमकं उत्तर मासे तपासल्याशिवाय कुणी देऊ शकत नाही.

तपासायचं कसं, याचा धडा बॉस्टनने घालून दिला आहे. १९८०च्या दशकात बॉस्टन बंदर अमेरिकेतलं सगळ्यात घाण बंदर म्हणून बदनाम होतं. तिथे तळाशी पडून राहणारा, आपल्या लेपीसारखा चपटा फ्लाउंडर मासा मिळतो. संशोधकांनी त्याची यकृतं कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर अनेकांत विकृती आणि काहींत चक्क गाठी. न्यायालयाच्या आदेशाने शहराला सांडपाण्याची नवी यंत्रणा उभारावी लागली. १९९१ अखेरीस मैल्याचा साका बंदरात टाकणं थांबलं, सप्टेंबर २००० पासून प्रक्रिया केलेलं पाणी बोगद्यातून सुमारे १५ किलोमीटर दूर उपसागरात नेऊन सोडलं जाऊ लागलं. या सगळ्या काळात ठरलेल्या जागी फ्लाउंडर धरून यकृत तपासण्याचा क्रम चालू राहिला. गाठी घटत गेल्या, आणि २००४ नंतर त्या दिसेनाशा झाल्या. नव्या बोगद्याच्या तोंडाशी मासे आजारी पडतील अशी लोकांना भीती होती, तिलाही त्याच नोंदींनी उत्तर दिलं. यकृत सुधारलं म्हणून मासे मुबलक झाले असं मात्र नाही, कारण पाण्याचं तापमान आणि मासेमारी हे प्रश्न शिल्लक आहेत. पण निदान कशाचं श्रेय कशाला आणि कशाचा दोष कशाला, हे तिथे पुराव्यानिशी बोलता येतं.

यात महागडं काही नाही. माशाची लांबी आणि वजन, यांवरून तो खाऊन-पिऊन आहे की उपाशी ते कळतं. अंडाशयाचं वजन, यावरून हंगाम लागला की चुकला ते कळतं. यकृताचा एक काप. मांसातला पारा. आणि डोक्यातले खडे. घोळ किंवा ढोमा खाणाऱ्या प्रत्येकाच्या दाताखाली ते पांढरे खडे कधी ना कधी आलेले असतात. ते माशाच्या कानातले. पिल्लाच्या खड्यात दिवसागणिक एक थर चढतो, आणि तो थर चढताना पाणी कसं होतं याच्या रासायनिक खुणाही त्यात अडकतात. कोणता मासा खाडीत वाढला आणि कोणता बाहेरून आला, हे त्यावरून पडताळता येतं. हे करणारी माणसं दूर शोधायला नकोत. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं मुंबई केंद्र, समुद्रविज्ञान संस्थेचं मुंबई केंद्र, आणि खाडीचा वर्षानुवर्षं अभ्यास करणारं ठाण्याचं बांदोडकर महाविद्यालय, सगळे लोकलच्या अंतरावर आहेत. मासे धरायला कोळीवाडे आहेतच, आणि त्या कामाचे त्यांना रीतसर पैसे मिळायला हवेत.

हे आत्ताच का, तर मुंबईत सात नवी सांडपाणी प्रक्रिया केंद्रं बांधली जात आहेत. एकूण क्षमता दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर. त्यांतली घाटकोपरची ३३७ आणि भांडुपची २१५ दशलक्ष लिटरची केंद्रं थेट ठाण्याच्या खाडीच्या वाट्याची. नवी मुंबईने आपल्या काठावर आधुनिक केंद्रं आधीच उभारली आहेत. म्हणजे काही वर्षांत या खाडीत येणारं पाणी पहिल्यांदाच ठळकपणे बदलणार आहे. हजारो कोटी खर्चून झाल्यावर मासे परतले की नाही, आणि नसतील तर अडथळा पाण्याचा आहे, गाळातल्या पाऱ्याचा आहे की भरावाचा, हे सांगता यायचं असेल तर केंद्रं सुरू होण्याआधीच्या किमान दोन वर्षांच्या माशांच्या नोंदी हाताशी हव्यात. ऐरोली, वाशी, माहुल आणि उरण या चार जागा, बोय, निवटी आणि ढोमी या तीन जाती, महिन्यातून एकदा. प्रदूषण नियंत्रण मंडळाने आणि महापालिकेने हे काम या वर्षीच्या नारळी पौर्णिमेपासून सुरू करावं, आणि आकडे मराठीत, कोळीवाड्यांच्या सूचनाफलकावर लावावेत.